पडद्यामागील सूत्रधार

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नटांची चरित्रे पुष्कळ आहेत आणि नाटककारांच्या कृतींची चर्चा त्याहूनही अधिक आहे. परंतु ज्याच्या हाती पडद्याची दोरी होती त्या मनुष्याविषयी दोन ओळी मिळावयाच्या म्हणजे कठीण. विशेष असे की, हा मनुष्य आरंभापासून असा अदृश्य नव्हता. एके काळी रंगभूमीवर सर्वांच्या आधी येण्याचा मान त्याचा असे आणि खेळ संपेपर्यंत तो प्रेक्षकांच्या नजरेसमोरच उभा असे. तो तेथून पडद्यामागे कसा गेला, व तेथे राहून त्याने कोणते काम केले, हे पाहिल्यावाचून आपल्या नाट्यकलेचा इतिहास पुरा होत नाही.

सूत्रधार हा शब्द फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सूत्रधाराच्या अंगी असावयाच्या गुणांची यादी दिली आहे. ती वाचली म्हणजे हे एका मनुष्याचे वर्णन आहे की एका विद्यापीठाचे, असा प्रश्न पडतो. वाद्यांचे ज्ञान, ताललयीचे ज्ञान, शास्त्रांचा परिचय, व्यवहारचातुर्य हे सर्व त्याच्या ठिकाणी अपेक्षिलेले आहे. शब्दाची उपपत्ती कोणी कळसूत्री बाहुल्यांच्या दोरीशी लावतात, तर कोणी इमारत बांधणाऱ्या कारागिराच्या मापसूत्राशी. उपपत्ती कोणतीही खरी असो. अनेक सुटे भाग एका दोरीत धरून ठेवणारा तो सूत्रधार, हा अर्थ दोन्हींत कायम राहतो. ‘नेपथ्य’ या शब्दाचीही कथा अशीच आहे. आज नेपथ्य म्हटले म्हणजे प्रेक्षकांस दिसणारी रंगमंचावरील मांडणी डोळ्यांपुढे येते. परंतु संस्कृत नाटकांत नेपथ्य म्हणजे पडद्यामागील जागा, जेथे नट वेष करतात व जेथून आवाज ऐकू येतो पण बोलणारा दिसत नाही. एक शब्द आतून बाहेर आला आणि दुसऱ्या शब्दामागचा मनुष्य बाहेरून आत गेला, असा हा योग आहे.

सन १८४३ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. आदल्या वर्षी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, आणि त्याच धर्तीवर पण अधिक नीटनेटके असे काही मराठीत व्हावे, अशी राजेसाहेबांची इच्छा होती. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार आरंभी मंगलाचरण करी, विदूषकाशी त्याचा संवाद होई, गणपती व सरस्वती येऊन आशीर्वाद देत आणि मग कथानक सुरू होई. पात्रांना लिहून दिलेली भाषणे नसत. सूत्रधाराने पदातून प्रसंग सांगावयाचा आणि त्या धाग्याने पात्रांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे बोलावयाचे, अशी रीत होती. एखादे पात्र भलतीकडे वाहवले तर पुढचे पद सुरू करून त्याला वाटेवर आणणे, एखाद्याचा वेष पुरा झाला नसेल तर मधला वेळ भरून काढणे, प्रसंग रेंगाळू लागला तर तो आटोपता घेणे, हे सर्व त्या एकाच्याच हाती होते. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईस गेली, तेव्हा तिकीट काढून बसलेल्या शहरी प्रेक्षकांनीही हा व्यवस्थापक उघड्या डोळ्यांनी पाहिला. त्याचे काम झाकलेले नव्हते. ते खेळाचाच एक भाग होते.

ज्या वर्षी सांगलीस हा पहिला खेळ झाला त्याच वर्षी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मास आले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेबांनी ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला, आणि सूत्रधाराचे भाग्य पालटले. आता भाषणे लिहिलेली होती व ती पाठ करावयाची होती. पदे ज्याची त्याने म्हणावयाची होती. सूत्रधार व नटी नांदीनंतर प्रस्तावना करीत आणि नाटकाचे नाव सांगून निघून जात. ज्या कामासाठी तो रात्रभर उभा राही ते काम मात्र संपले नव्हते. उलट ते शतपटीने वाढले होते. पात्रांची ये-जा, पडदे, दिवे, कपडे, वाद्ये या सर्वांचा मेळ आता लिहिलेल्या शब्दाशी बरोबर बसवावयाचा होता. हे काम करणारा मनुष्य पडद्यामागे गेला आणि जाताना आपले नाव मात्र पुढे ठेवून गेला. मंडळीत त्याला कोणी व्यवस्थापक म्हणे, कोणी इंग्रजी धाटणीने स्टेज-मॅनेजर. पुष्कळदा हे काम एकाकडे नसून दोघातिघांत वाटलेले असे, आणि त्यांतील एखादा गरज पडली की तोंडाला रंग लावून द्वारपाल म्हणून उभाही राही.

नाटकमंडळीचे जीवन हे फिरत्या संसाराचे जीवन होते. नट, वादक, आचारी, कपडेपटवाले, पडदेवाले असा मोठा परिवार, आणि त्यांच्याबरोबर पेट्या, पेटारे, गुंडाळलेले पडदे व तंबोरे. हा सारा पसारा आगगाडीने, आगबोटीने, आणि जेथे दोन्ही नाहीत तेथे बैलगाडीने गावोगाव जाई. गावात पाऊल ठेवल्यावर इतर मंडळी बिऱ्हाडाची व्यवस्था पाहू लागली म्हणजे व्यवस्थापक नाटकगृहाकडे वळे. रंगमंचाची रुंदी किती, वरची तुळई किती उंच, कप्प्या धड आहेत की नाहीत, विंगांमागे माणूस वळण्याएवढी जागा आहे काय, हे त्याला प्रथम पाहावे लागे. मुंबईच्या प्रशस्त रंगमंचासाठी रंगविलेला राजवाडा एखाद्या तालुक्याच्या गावी मांडवात उभारावयाचा म्हणजे त्याची घडी कोठे मारावी हे ठरविणे आले. आणि ती अशा जागी मारावी लागे की महालाचा खांब अर्ध्यातच तुटलेला दिसू नये.

त्या काळच्या देखाव्यांची व्यवस्था ध्यानात घेतल्यावाचून या मनुष्याच्या कौशल्याची कल्पना यावयाची नाही. रस्ता, जंगल, बाग, राजवाडा, दरबार असे ठरावीक पडदे प्रत्येक मंडळीजवळ असत. ते लाकडी दांड्यावर गुंडाळलेले असत व दोरीने वरखाली होत. दरबारासारखा खोल प्रवेश मांडावयास वेळ लागे; म्हणून त्याच्या आधी रस्त्याचा पडदा पुढे सोडून त्यासमोर एखादा उथळ प्रवेश करीत. पुढे दोन पात्रे विनोदी संभाषण करीत असता मागे सिंहासन आणले जाई, गालिचा पसरला जाई, आणि हे सर्व पावलांचा आवाज न होता. नाटककारांनाही ही सोय ठाऊक असल्यामुळे ते प्रवेशांची योजना तशी करीत. ज्या विनोदी प्रवेशांना टीकाकारांनी कथानकाला सोडून असल्याचा दोष दिला, त्यांतील कित्येकांचे खरे प्रयोजन पडद्यामागे सिंहासन हलविणाऱ्या माणसांना विचारावयास हवे होते. संकेत घंटेचा किंवा शिट्टीचा असे. तो क्षणभर आधी झाला तर वनवासी रामाच्या मागे सुताराचे दर्शन व्हावयाचे, आणि क्षणभर उशिरा झाला तर पात्राला बोलण्यास काही न उरून तोंडावर पडावयाचे.

दिव्यांचे काम याहून नाजूक होते. आरंभीच्या समया, हिलाल व पणत्या जाऊन घासलेटचे दिवे आले, पुढे ग्यासबत्त्या व किटसनचे दिवे आले, आणि मोठ्या शहरांतून वीज आली. संगीत नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होऊन उत्तररात्री दोन-तीनपर्यंत चाले. त्यात ‘वन्समोअर’ची प्रथा. लोकप्रिय नटाचे पद तीनतीनदा घेतले जाई आणि तितका वेळ दिव्यातील तेल जळत राही. प्रेक्षकांच्या टाळ्या नटाला प्रसाद वाटत. पडद्यामागे त्याच टाळ्यांचा हिशेब तेलाच्या मापाने होई. रंगविलेले कापड, लाकूड, दोर आणि उघडी ज्योत इतक्या जवळ नांदत असल्यामुळे आगीची धास्ती कायमची होती. ती धास्ती विजेच्या काळातही सर्वस्वी गेली नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरास बांधविलेले व १९१५ मध्ये पुरे झालेले पॅलेस थिएटर, जे पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, ते ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले.

रंगपटातील वेळेचे गणित वेगळे होते. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत; त्यामुळे नऊवारी लुगडे, गंगावन, दागिने व रंग यांत बराच वेळ जाई, आणि मोठ्या नटास घाई करण्याची कोणाची प्राज्ञा नसे. बाहेर प्रेक्षक खोळंबलेले, आत मुख्य नट आरशासमोर बसलेला, आणि मधे घंटेची दोरी धरून उभा असलेला व्यवस्थापक! दोन्हीकडची नाराजी त्याच्याच वाट्यास यावयाची. तिसरी घंटा झाली, रंगदेवतेपुढे नारळ वाढविला गेला, धूप फिरला आणि नांदीचे सूर उठले म्हणजेच त्याचा पहिला श्वास मोकळा होई. पुढे विंगेत पोथी घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरकडे एक डोळा व पडदेवाल्यांकडे दुसरा, अशी त्याची रात्र जाई.

अशा रात्रींतील दोन विशेष स्मरणीय आहेत. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी मृत्यू पावली. प्रयोग रहित झाला नाही; बालगंधर्व भामिनीच्या वेषात उभे राहिले. त्यांच्या धैर्याचे वर्णन अनेकांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रात्रीही कोणी तरी घंटा वाजविली, कोणी तरी पडदा वर ओढला. ज्याने तो ओढला त्याला गाण्यात दुःख विसरण्याची सोय नव्हती. त्याला केवळ दोरी सांभाळावयाची होती. दुसरी रात्र ८ जुलै १९२१ ची. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व व ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या दोघांपैकी कोण वरचढ ठरला याविषयी घराघरांतून वाद झाले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन निरनिराळ्या वळणांनी एकाच विंगेत एक रात्र विनातक्रार काढली, या गोष्टीचे कौतुक मात्र मागे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले आणि तशी रात्र पुन्हा येणे नव्हते.

१९२० च्या सुमारास देखाव्यांचे वैभव शिगेस पोहोचले. गंधर्व मंडळीच्या ‘द्रौपदी’तील थाटमाटाने प्रेक्षक दिपले, आणि मंडळीच्या कर्जाचा बोजाही वाढत गेला. १९२२ मध्ये ललितकलादर्शने वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. त्यात गुंडाळत्या पडद्यांऐवजी खोलीसारखी खोली उभारण्याकडे ओढा दिसला. त्या मंडळीचे पडदे रंगविणारे पु. श्री. काळे यांनी पुढे आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. पडद्यामागील मनुष्याने स्वतः बोलावे असे हे विरळ उदाहरण होय. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने नवे वळण दाखविले. नांदी व प्रस्तावना गळाली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदांची संख्या घटली. सूत्रधाराचे जे नाव तेवढे पुढे राहिले होते तेही आता रंगमंचावरून गेले.

तोवर बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला होता आणि एकामागून एक मंडळ्या मोडत होत्या. नटांपैकी काहींना चित्रपटांनी आसरा दिला, गायकांना मैफली उरल्या. पडदा किती वेगाने सोडला म्हणजे करुण प्रसंगाचा परिणाम टिकतो, ग्यासबत्ती किती उतरविली म्हणजे चांदणे वाटते, हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते त्यांना मात्र ते घेऊन जाण्यास दुसरे दार नव्हते. ते कोणत्या ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेले होते. ज्या दिवशी दुसरा हात पुढे येईनासा झाला त्या दिवशी त्यातील पुष्कळसे संपले. आज जुने संगीत नाटक पुन्हा उभे करावयाचे झाले तर पदांच्या चाली ध्वनिमुद्रिकांवरून मिळतात, भाषणे छापील पुस्तकात मिळतात. पण दोन प्रवेशांमधले अंतर कसे भरले जाई, याचे उत्तर सहजासहजी मिळत नाही.

काम मात्र थांबलेले नाही. आजच्या नाट्यगृहांतून एकाच दिवसात सकाळ, दुपार व रात्र असे तीन निरनिराळ्या नाटकांचे प्रयोग होतात. एकाचा दिवाणखाना उतरवून दुसऱ्याची चाळ उभी करावयास थोडाच अवधी असतो, आणि सामान बैलगाडीऐवजी टेम्पोने येते, एवढाच भेद. तिसरी घंटा अजून वाजते. ती ऐकताच प्रेक्षागृह शांत होते आणि सर्वांचे डोळे पडद्याकडे लागतात. घंटा वाजविणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, आणि आपल्याकडे कोणी पाहू नये हेच त्याच्या कामाचे यश समजले जाते. त्याचे हे यश मान्य करूनही इतिहासाने त्याच्या नावासाठी एक ओळ राखून ठेवावयास हरकत नव्हती. निदान यापुढे कोणी नाट्यसंस्थेचा वृत्तांत लिहील, तर भूमिकांच्या यादीखाली ती ओळ तो रिकामी सोडणार नाही, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.