आमवात, वृद्धांमधील : सुरुवातीचा औषधोपचार (बीदर–कलबुर्गी सीमाभाग)

आमवात अर्थात रूमेटॉइड आर्थ्रायटिस हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा रोग. भिगवण (जि. पुणे) येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत त्याचे प्रमाण प्रौढांत सुमारे अर्धा टक्का आढळले. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध मिळाले, तर सांध्यांची नासाडी बरीच रोखता येते.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या मराठी वस्तीच्या तालुक्यांत हे महिने बहुधा दुखणे अंगावर काढण्यात जातात. साठीनंतरची सांधेदुखी वयाच्याच खाती जमा होते. खूण मात्र घरातच दिसते. सकाळी तासभर मूठ वळत नाही, सुजलेल्या मनगटाने भाकरी थापता येत नाही. झिजेच्या सांधेदुखीत हा ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो. उतारवयात आमवात कधी एकाएकी, खांद्यांपासून सुरू होतो आणि पुरुषांनाही बराच होतो. या भागात आणखी एक गुंता आहे : २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे सापडले होते, आणि त्या तापानंतरचे महिनोन्‌महिने टिकणारे दुखणे आमवातासारखेच भासते. निदानासाठी रक्तात पाहिला जाणारा आरए फॅक्टर निरोगी वृद्धांतही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी तपासणी अधिक भरवशाची.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतल्यास रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो, म्हणून चिठ्ठीवर वार लिहावा, तोही रुग्णाला वाचता येईल अशा लिपीत. बीदरकडच्या एखाद्या आजोबांना कन्नड बोलता येते, पण वाचता येते ते मराठीच. मात्रा थोडक्यापासून वाढवतात, जोडीला फॉलिक ॲसिड देतात. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. कृश वृद्धाचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसले तरी मूत्रपिंड मंदावलेले असू शकते, तेव्हा ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज) पाहणे आवश्यक. मेथोट्रेक्सेट झेपत नसल्यास सल्फासलाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांची तपासणी लागते.

स्टेरॉइडने चार दिवसांत बरे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. मूळ औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्यापुरतेच स्टेरॉइड थोड्या मात्रेत द्यावे. दुकानातून आणून वर्षानुवर्षे घेतल्यास मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात. रोजच्या वेदनाशामक गोळ्या पोट व मूत्रपिंड बिघडवतात, रोगाला मात्र रोखत नाहीत. उपचार चालू असता ताप किंवा खोकला रेंगाळला, तर मेथोट्रेक्सेटचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. क्षयाची शंकाही तेव्हाच फेडून घ्यावी.