प्रकाश खरोखर थांबवता येतो का? अणुबाष्प आणि मंद प्रकाशाची गोष्ट

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. १९९९ साली डॅनिश शास्त्रज्ञ लेने हाऊ आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी सोडियम अणूंच्या अतिथंड ढगातून प्रकाशाचा एक स्पंद सेकंदाला फक्त १७ मीटर वेगाने जाताना मोजला. म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर, साधारण एसटीचा वेग. त्याच वर्षी टेक्सासमधील एका गटाने तापवलेल्या रुबिडियमच्या बाष्पात ९० मीटरपर्यंत मजल मारली. २००१ मध्ये दोन गटांनी प्रकाश ‘थांबवून’ पुन्हा सोडला. ‘प्रकाश गोठवला’ अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर गेली. ती खोटी नव्हती, पण थांबले नेमके काय, हे त्या मथळ्यांतून कळत नाही.

अंधारी अवस्था

या प्रयोगांचे मूळ १९७६ सालच्या एका निरीक्षणात आहे. इटलीतील पिसा येथे संशोधक सोडियमच्या बाष्पावर लेसर टाकत होते. अशा वेळी अणू प्रकाश शोषतात आणि पुन्हा बाहेर टाकतात, म्हणून बाष्प चमकायला हवे. ते चमकत होते, पण मध्येच काही ठिकाणी काळे पट्टे दिसत होते. तिथले अणू प्रकाश शोषायचेच थांबले होते.

कारण असे. अणूच्या दोन खालच्या ऊर्जापातळ्या आणि एक वरची पातळी विचारात घ्या. दोन वेगळ्या वारंवारतांचे प्रकाशझोत अणूला दोन वाटांनी वर ढकलू पाहतात. दोन्ही झोतांच्या वारंवारतेतील फरक खालच्या दोन पातळ्यांमधील अंतराशी तंतोतंत जुळला, की या दोन वाटा एकमेकींना खोडून काढतात. लहरींच्या व्यतिकरणात जसे शिखर आणि दरी मिळून शून्य होते, तसेच. अणू खालच्या दोन्ही पातळ्यांच्या एका मिश्र अवस्थेत अडकतो आणि वर जाऊच शकत नाही. याला अंधारी अवस्था म्हणतात, कारण असा अणू चमकत नाही.

अणू शोषत नसेल तर प्रकाश आरपार जाणार. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन हॅरिस यांच्या गटाने १९९१ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या बाष्पात हे दाखवले. एरवी ज्या बाष्पातून ५० कोटींत जेमतेम एक भाग प्रकाश पार होई, त्यातून दुसरा लेसर लावताच सुमारे ३७ टक्के जाऊ लागला. याला विद्युतचुंबकीय प्रेरित पारदर्शकता म्हणतात. नाव भारदस्त आहे; अर्थ इतकाच की एका प्रकाशाने दुसऱ्यासाठी वाट मोकळी केली.

मग वेग का कमी होतो?

पारदर्शकतेची ही खिडकी अतिशय अरुंद असते आणि तिच्यात माध्यमाचा अपवर्तनांक वारंवारतेनुसार झपाट्याने बदलतो. स्पंद हा अनेक जवळजवळच्या वारंवारतांचा बनलेला असतो. त्या लहरी जिथे जुळतात तिथे स्पंदाचे शिखर दिसते. अपवर्तनांक असा बदलत असला की हे जुळण्याचे ठिकाणच मंद गतीने सरकते. मोजला जातो तो या शिखराचा वेग, म्हणजे समूहवेग. सापेक्षतावादाला त्यामुळे कुठे धक्का लागत नाही. स्पंद मात्र दाबला जातो: पोकळीत ३०० मीटर लांब असलेला, १ मायक्रोसेकंदाचा स्पंद सेकंदाला १७ मीटर वेगाला अवघा १७ मायक्रोमीटर उरतो.

दुसऱ्या बाजूनेही हे पाहता येते, आणि मला तीच जास्त पटते. बाष्पात शिरलेला स्पंद निव्वळ प्रकाश राहत नाही. त्याचा काही अंश प्रकाश असतो आणि काही अंश अणूंच्या अंधाऱ्या अवस्थेत नोंदलेला नमुना. प्रकाशाचा अंश पळतो, अणू जागेवर असतात, आणि मिश्रणाचा वेग या प्रमाणावर ठरतो. प्रमाण ठरवणारा चाप म्हणजे दुसरा, नियंत्रक लेसर. तो हळूहळू मंद केला की अणूंचा वाटा वाढत जातो. तो पूर्ण बंद केला की प्रकाश उरतच नाही; राहते ती केवळ अणूंमधील नोंद. लेसर पुन्हा लावला की तीच नोंद पुन्हा प्रकाश होऊन त्याच दिशेने बाहेर पडते. म्हणजे थांबते ती माहिती, प्रकाश नव्हे. २००१ च्या रुबिडियम बाष्पातील प्रयोगात ही नोंद अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत टिकली. तेवढ्या वेळात पोकळीतला प्रकाश १५० किलोमीटर गेला असता.

गरम बाष्पात हे जमते कसे?

साध्या तापमानालाही रुबिडियमचे अणू सेकंदाला अडीचशे ते तीनशे मीटर वेगाने सैरावैरा धावतात. समोरून येणाऱ्या गाडीचा भोंगा जसा बदललेला ऐकू येतो, तशी प्रत्येक अणूला लेसरची वारंवारता थोडी सरकलेली ‘दिसते’. मग तंतोतंत जुळणी कशी राहावी? युक्ती सोपी आहे: दोन्ही झोत एकाच दिशेने सोडायचे. दोघांची तरंगलांबी जवळपास सारखी असल्याने दोघांची वारंवारता सारखीच सरकते आणि फरक जवळजवळ तोच राहतो. अंधाऱ्या अवस्थेला फरकाशीच कर्तव्य आहे.

खरा शत्रू काचनळीची भिंत. अणू तिच्यावर आपटला की नोंद पुसली जाते. म्हणून नळीत निऑन किंवा नायट्रोजनसारखा वायू भरतात, त्याच्या गर्दीतून अणूला भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. काही ठिकाणी आतून मेणाचा थर देतात. आणि सगळी नळी चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या आवरणात ठेवावी लागते.

ते आवरण का लागते, यात या विषयाचे सगळे त्रांगडे आहे. रुबिडियम-८७ मध्ये चुंबकीय क्षेत्र १ नॅनोटेस्लाने बदलले तरी शेजारच्या उपपातळ्यांमधील वारंवारता सुमारे ७ हर्ट्झने सरकते. स्मृती म्हणून वापरताना हा दोष, पण चुंबकत्व मोजायचे असेल तर हाच गुण. बाष्पावर चालणाऱ्या संवेदकांनी मेंदूतील अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रही मोजले जाते; २०१८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी असे संवेदक डोक्यावर घालायच्या शिरस्त्राणात बसवून दाखवले. पातळ्यांमधील अंतराचा दुसरा उपयोग घड्याळाचा. रुबिडियम-८७ मध्ये ते सेकंदाला सुमारे ६८३ कोटी आवर्तनांइतके असते. २००४ मध्ये अमेरिकेत अंधाऱ्या अवस्थेवर चालणारे, तांदळाच्या दाण्याएवढ्या गाभ्याचे अणुघड्याळ तयार झाले. भारताच्या नाविक प्रणालीतील एनव्हीएस-०१ उपग्रहावर २०२३ मध्ये देशी बनावटीचे अणुघड्याळ गेले, तेही रुबिडियमचेच.

स्मृतीची गरज कुणाला?

क्वांटम संदेशवहनात माहिती एकेका फोटॉनवर असते. काचतंतूत १०० किलोमीटर गेल्यावर १०० पैकी सुमारे १ फोटॉन उरतो, आणि क्वांटम नियमांनुसार अज्ञात अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नसल्याने वाटेत संदेश वाढवून पुढे पाठवणे शक्य नाही. वाटेवरच्या ठाण्यांत फोटॉनची अवस्था शेजारचा टप्पा तयार होईपर्यंत धरून ठेवावी लागते. एकटा फोटॉन अशा तऱ्हेने साठवून परत मिळवणे २००५ मध्ये साधले, गरम बाष्पात आणि थंड अणूंतही.

अडचण अशी की रुबिडियमला ७८० आणि ७९५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, तर काचतंतूत १५५० च्या आसपासचा प्रकाश सर्वांत कमी क्षीण होतो. त्यामुळे तरंगलांबी बदलणारी यंत्रणा मध्ये घालावी लागते आणि तिथेही काही फोटॉन गळतात. साठवणुकीचा काळ मात्र वाढला आहे: जर्मनीतील डार्मस्टाट येथे २०१३ मध्ये प्रकाशाची नोंद तब्बल एक मिनिट टिकवली गेली. ती बाष्पात नव्हे, तर अतिथंड स्फटिकात, जिथे अणूंना भिंतीवर जाऊन आपटता येत नाही.