ओव्हनमधली कोंबडी आणि मधाचा लेप

मध घालून कोंबडी शिजवण्याची रीत रोमन काळाइतकी जुनी आहे. ‘अपिसियस’च्या नावावर असलेल्या लॅटिन पाकग्रंथात भाजलेल्या कोंबडीसाठी मध, व्हिनेगर, खजूर आणि मिरी यांचा दाट रस सांगितला आहे. पण असे ताट श्रीमंतांचे. सामान्य घरात चार माणसांच्या जेवणासाठी अख्खी कोंबडी भाजणे सर्रास झाले ते विसाव्या शतकातल्या अमेरिकेत, आणि त्यामागे स्वयंपाकघरापेक्षा खुराड्याचा वाटा मोठा आहे.

त्याआधी शेतकरी कोंबड्या पाळत ते अंड्यांसाठी. अंडी द्यायची थांबलेली जून कोंबडी कापली जाई. तिचे चिवट मांस तासन्‌तास उकळल्याशिवाय मऊ होत नसे. भाजण्याजोगी कोवळी कोंबडी मिळे ती वसंतानंतरचे थोडे दिवस, तीही महाग. हिवाळ्यात बंद जागेत पिल्ले वाढवावीत, तर ऊन न मिळाल्याने त्यांचे पाय लुळे पडत. खाद्यात कॉड माशाचे तेल घातले की ही व्याधी टळते, हे 1920च्या दशकात समजले.

1923 मध्ये डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू येथे सेलिया स्टील यांनी अंड्यांसाठी 50 पिल्ले मागवली; चुकून 500 आली. त्यांनी ती परत न पाठवता लहानशा लाकडी खोलीत वाढवली आणि प्रत्येकी दोन पौंडांची झाल्यावर पौंडाला 62 सेंट या भावाने मांसासाठी विकली. तीन वर्षांत त्यांच्याकडे 10,000 पक्ष्यांची सोय झाली. निव्वळ मांसासाठी कोंबडी वाढवण्याचा धंदा उभा राहिला तो या गृहिणीच्या धाडसातून, आणि तिचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे, ही खेदाची गोष्ट.

पक्षी मात्र अजून हडकुळाच होता. ‘उद्याची कोंबडी’ या नावाने घेतलेल्या स्पर्धेची राष्ट्रीय अंतिम फेरी 1948 मध्ये झाली. निरनिराळ्या राज्यांतून आलेली अंडी एकाच ठिकाणी उबवून पिल्ले सारख्याच खाद्यावर वाढवली गेली. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा संकर पहिला आला. त्यांचे घराणे पुढे कॉब या घराण्याशी जोडले गेले. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या ‘व्हेनकॉब’ ब्रॉयलरच्या नावातला ‘कॉब’ तो हाच.

दुसरी अडचण आचेची होती. लाकूड-कोळशाच्या भट्टीत हात घालून तो किती वेळ सोसवतो, यावरून उष्णतेचा अंदाज घेत. 1915च्या सुमारास गॅसच्या ओव्हनला तापमान नेमून देणारे नियंत्रक आले, आणि गोड लेपाला खरा आधार मिळाला. मधातली फळशर्करा 110 अंश सेल्सिअसच्या आसपासच करपू लागते, तर ओव्हन 180 ते 200 अंशांवर असतो. म्हणून कोंबडी आधी नुसतीच भाजतात. कातडी कोरडी होऊन चरबी सुटू लागली की शेवटच्या वीसेक मिनिटांत मध, मोहरी आणि संत्र्याचा रस कुंच्याने दोन-तीनदा लावतात. प्रत्येक हातातले पाणी उडून पाक घट्ट होतो. कातडीतली प्रथिने आणि साखर यांच्यात लुई मायार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेली प्रक्रिया घडते आणि तांबूस चकाकी येते. लेप सुरुवातीलाच लावला, तर मांडीजवळचे मांस कच्चे असतानाच वरून काळा थर धरतो. त्या जाड भागात 74 अंश तापमान भरले की कोंबडी बाहेर काढतात, आणि रस मुरावा म्हणून दहा मिनिटे थांबून मगच कापतात.