शरणपूरचे आफ्रिकी

नाशिक आणि विषमता असा विषय निघाला की २ मार्च १९३० हा दिवस आठवतो. काळाराम मंदिराचे बंद दरवाजे, डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि पुढची काही वर्षं नेटाने चालवलेला सत्याग्रह आठवतो, आणि ते योग्यच आहे. वंशभेद म्हटलं की मात्र आपण अमेरिकेकडे किंवा दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखवतो, जणू गोऱ्या माणसाने काळ्या माणसाशी कसं वागावं हा प्रश्न गोदाकाठी कधी आलाच नाही. तो आला होता, आणि दीड दशक इथे मुक्कामाला होता. आज शरणपूर रोडला जिचं नाव आहे त्या वस्तीत १८६० ते १८७५ या काळात पूर्व आफ्रिकेतली, गुलामगिरीतून सोडवलेली मुलं राहत होती. त्यांची हकीकत छळाची नाही, दयेची आहे. दयेत मुरलेला वंशभेद ओळखायला अवघड जातो, तो इथे नीट दिसतो.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकमध्ये १८३२ पासून सुरू होतं. धर्मांतर केलेल्या माणसाचं घर तुटायचं, पाणवठा तुटायचा, रोजगार जायचा. म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात गावाबाहेर जमीन घेऊन शरणपूर वसवलं. त्याच काळात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालून गुलामांची गलबतं पकडत होतं. सुटलेल्यांना झांझिबारला उतरवलं तर ते पुन्हा बाजारात विकले जाण्याची भीती, म्हणून बऱ्याच जणांना मुंबईला आणलं जाई. तिथे पोलीस त्यांना घरकामाला कुठल्या तरी कुटुंबाकडे किंवा एखाद्या मिशनकडे सोपवत. मुंबईत आयझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली असलेला आफ्रिकी मुलांचा आश्रम १८६० मध्ये शरणपूरला हलला. मुलांना इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाऊ लागलं. यातली अनेक मुलं याओ जमातीची होती.

या मुलांची नावं वाचण्यासारखी आहेत: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, जेकब वेनराइट. पहिल्या तिघांची आडनावं सरळ नाशिक-मुंबईच्या मिशनऱ्यांची आहेत. कुणी म्हणेल, लहान लेकरं, आईबापाचा पत्ता नाही, काहीतरी नाव द्यायला हवंच होतं. बरोबर. पण त्याच चर्चमध्ये त्याच काळात आलेले रत्नजी नवरोजी बाप्तिस्म्यानंतरही रत्नजी नवरोजीच राहिले, आणि शेजारच्या स्कॉटिश मिशनमधले बाबा पदमनजी बाबा पदमनजीच. एतद्देशीय माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याला स्वतःचा पूर्वेतिहास आहे, हे मिशनऱ्यांना मान्य होतं. आफ्रिकी मुलाची पाटी मात्र कोरी आहे, तिच्यावर आपण लिहू तेच, असं त्यांनी धरलं. इथे वाईट हेतू शोधण्याची गरज नाही. एक माणसाचं पोर आणि दुसरा जहाजातून उतरवलेला माल, ही गलबतवाल्याची प्रतवारी सोडवणाऱ्यांच्या मनातही थोडी उरली होती, एवढंच त्यातून दिसतं.

आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी १८६५ मध्ये मुंबईत आला आणि शरणपूरची नऊ मुलं घेऊन १८६६ मध्ये आफ्रिकेत उतरला. त्याच्या रोजनिशीत या ‘नासिक बॉईज’बद्दलची कुरकुर वारंवार येते: आळशी आहेत, ओझं उचलत नाहीत. रिचर्ड आयझेनबर्ग त्याच वर्षी वाटेत मेला. १८७२ मध्ये आणखी मुलं पाठवली गेली, त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन मेला, तेव्हा तिथे एकही गोरा माणूस नव्हता. सोबत्यांनी प्रेताचं काळीज आणि आतडी काढून डब्यात घालून एका झाडाखाली पुरली, देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळवला, मग कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. दफनाची प्रार्थना जेकबने वाचली. बुंध्यावर मृताचं नाव आणि तारीख त्यानेच कोरली, आणि खाली तीन आफ्रिकी सोबत्यांची नावंही. स्वतःचं कोरलं नाही. ते गाठोडं घेऊन ही माणसं दीड हजार किलोमीटरहून अधिक चालली. वाटेत कॅमरून या इंग्रज अधिकाऱ्याने देह इथेच पुरा असं सुचवलं, त्यांनी ऐकलं नाही. १८७४च्या फेब्रुवारीत ती बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचली.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होता, एकटाच आफ्रिकी. हा मान दाखवून विचारलं जातं की मग भेदभाव कुठे होता? त्या दिवशी ॲबीत कोण नव्हतं, हे पाहिलं की उत्तर मिळतं. सुरुवातीपासून लिव्हिंगस्टनजवळ राहिलेले चुमा आणि सुसी यांना झांझिबारमध्येच पगार देऊन मोकळं केलं होतं, ते इंग्लंडला पोहोचले तेव्हा अंत्यविधी उरकला होता. जेकबला इंग्रजी येत होतं, तो बाप्तिस्मा घेतलेला होता, मिशनला सभांमधून दाखवता येण्यासारखा होता. त्याला मान मिळाला तो निष्ठावान सेवक म्हणून. देह समुद्रापर्यंत न्यायचा हा निर्णय ज्यांनी स्वतःच्या डोक्याने घेतला आणि गोऱ्या अधिकाऱ्याचा सल्ला डावलून तडीस नेला, त्यांच्याकडे नेतृत्व होतं असं म्हणायची मात्र तयारी नव्हती. जेकब पुढे आफ्रिकेतच राहिला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

हा नुसता तर्क नाही, हे पुढच्या दहा वर्षांत दिसलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सूचनेवरून प्राइसने १८७५ मध्ये मोम्बासाजवळ फ्रिअरटाऊन वसवलं आणि शरणपूरच्या बहुतेक आफ्रिकींना, सुमारे दीडशे जणांना, तिथे नेलं. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. ते शिकवत, छापत, सुतारकाम करत, दुभाषे होत. पगार आणि हुद्दा मात्र युरोपियनांच्या खालचा. इंग्रजी बोलणारा, पायात बूट घालणारा, हिशेब मागणारा आफ्रिकी अनेक मिशनऱ्यांना गर्विष्ठ वाटे. १८८०च्या सुमारास तिथल्या गोऱ्या कारभाऱ्याने दिलेल्या फटक्यांच्या शिक्षा इतक्या गाजल्या की चौकशी झाली. गुलामांना सोडवण्यासाठी वसवलेल्या गावात चाबूक! याच गटातल्या विल्यम जोन्सने राबाईचं ठाणं सांभाळलं, पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा दिला, आणि १८८५ मध्ये इश्माएल सेमलरबरोबर तो डीकन झाला. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशप हॅनिंग्टन मारला गेला, तेव्हा मागे राहिलेला तांडा परत आणला तो जोन्सनेच. कुवत कमी होती म्हणून हाताखाली ठेवलं, हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

आता आपल्याकडचा आक्षेप. वंशभेद ही गोऱ्यांची भानगड, आपल्याकडे सिद्दी जंजिऱ्याचे राजे होते, मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता होता. हे खरं आहे, आणि कातडीचा रंग दख्खनमध्ये नेहमीच सत्तेच्या आड आला नाही हे त्यातून सिद्धही होतं. पण अंबरसुद्धा विकला जाऊनच इथवर आला होता, आणि पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. माणूस विकत घेता येतो हे आपल्याला इंग्रजांनी शिकवलेलं नाही. जात आणि वंश एकच असंही नाही. जातीचं मूळ वंशात शोधणाऱ्यांना खुद्द आंबेडकरांनी खोडून काढलं आहे. पण शरणपूर गावाबाहेर वसवावं लागलं ते जातीमुळे, आणि त्याच कुंपणाच्या आत आफ्रिकी मुलं वेगळ्या पायरीवर राहिली ती वंशामुळे. दोन्ही उतरंडी एकाच जागी नांदल्या. महात्मा फुल्यांना हा धागा दिसला होता. त्यांचं ‘गुलामगिरी’ पुस्तक १८७३चं, लिव्हिंगस्टन मेला आणि झांझिबारच्या सुलतानाने गुलामांच्या बाजारबंदीच्या तहावर सही केली त्याच सालचं. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना त्यांनी ते अर्पण केलं. त्या वेळी मुक्त झालेले आफ्रिकी गुलाम पुण्यापासून दोनशे किलोमीटरवर, नाशिकला, रंधा मारत होते.

या मंडळींपैकी मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोम्बासात वारला, म्हणजे येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली त्याच वर्षी. इतक्या जवळचा हा इतिहास आहे. केनियातल्या आणि इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं आहे. नाशिकच्या संशोधकांनी आता शरणपूरच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या जुन्या नोंदी धुंडाळायला घ्याव्यात, आणि मोम्बासाला न जाता जे इथेच राहिले, इथेच मातीआड झाले, त्यांची नावं आधी लिहून काढावीत.