ग्रामखरेदीचे कागद : इस्लापूर मंडळाच्या निमित्तानें

सनदा, महजर व वतनपत्रें यांवर आमचे संग्राहक जीव टाकतात. परंतु गांवानें तेल, कागद, दोर, चुना कोणाकडून व काय दरानें घेतला हें सांगणारा चिठोरा मात्र रद्दींत जातो. ग्रामसंस्थेचा खरा कारभार आमच्या मतें याच चिठोऱ्यांत दिसतो.

सार्वजनिक पैशाच्या खर्चाविषयींची शंका नवी नव्हे. कौटिल्यानें राजद्रव्य लुबाडण्याचे चाळीस उपाय मोजले आहेत. तमिळ देशांतील उत्तरमेरूर येथील पहिल्या परांतक चोलाच्या लेखांत (इ. स. ९१९ व ९२१) तळें, बाग व सोनें यांकरितां निरनिराळ्या समित्या असून, पूर्वीं समितीवर असतां ज्यानें हिशेब दिला नाहीं तो व त्याचे आप्त यांस निवडीस अपात्र ठरविलें आहे.

महाराष्ट्रांतील बलुत्यास मात्र खरेदी म्हणतां येत नाहीं. नांगर एकदां मोडो कीं दहादां, सुतारास सुगीच्या वेळीं खळ्यावरील ठराविक वांटा मिळे. तेथें दर नाहीं, घासाघीस नाहीं, आणि म्हणून कागदहि नाहीं. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाहीं. गांवास सुतार बदलतां येत नसे, आणि थोरल्या कासेंत गणलेल्या महारास वेठ नाकारतां येत नसे. जें गांवीं पिकत वा घडत नसे तेंच रोकडीनें घ्यावें लागे, व असा किरकोळ खर्च सादिलवारांत पडे. कागद शोधावयाचे ते येथें.

पुढें १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा झाला. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. दरपत्रकें, निविदा व ठराव यांमुळें कागद उदंड वाढले. २०१६ पासून केंद्र सरकारची खरेदीची बाजारपेठहि संगणकावर आली. यापुढील अभ्यासकास बाडें मिळणार नाहींत, ही वेगळीच चिंता.

आतां इस्लापुराविषयीं. हें गांव आज नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत आहे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीं इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत मोडत असे. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यानें किनवट व राजुरा हे तालुके सबंध, आणि बोथ तालुक्यापैकीं एवढें एकच मंडळ, मुंबई राज्यास जोडलें. बाकीचा बोथ तालुका आंध्र प्रदेशांत गेला व २०१४ पासून तेलंगणांत आहे. म्हणजे गांव इकडे आलें तरी त्याचें तालुक्याचें जुनें ठाणें तिकडेच राहिलें.

दुसरी अडचण भाषेची. हैदराबाद संस्थानांत सरकारी कामांत १८८४ पर्यंत फारसी व नंतर उर्दू चाले. तेव्हां वरचा शेरा उर्दू आणि खालचा हिशेब मोडींत किंवा तेलुगूंत, अशा जातीच्या कागदाची अपेक्षा ठेवूनच बाड उघडावें. इस्लापूर मंडळाचा जुना खर्चाचा कागद नांदेडकडील दफ्तरांत न मिळाल्यास तो नव्हताच, असें अनुमान काढूं नये. बोथ व आदिलाबाद हीं नांवें असलेलीं बाडें प्रथम उलगडावीं.