पत्र्याचं अंग, माळवदाचं घर

डोळे एवढ्यात उघडू नका. आधी वास घ्या. शेणाने नुकतीच सारवलेली जमीन, चुलीत जळणाऱ्या तुराट्यांचा धूर, दाराशी बांधलेल्या शेळ्या. आणि या सगळ्यांना मागे सारणारा डेटॉलचा वास. तो तुमच्याच अंगाचा आहे.

आता उघडा. वर काळ्या पडलेल्या तुळया आहेत, त्यांच्यावर किलचन आणि किलचनावर हातभर पांढरी माती. माळवदाचं घर. गाव बिडकीन, साल १९८५ च्या आसपास. ऑरिक औद्योगिक शहराचे रुंद रस्ते अजून कुणाच्या स्वप्नातही नाहीत. खिडकीबाहेर कापसाच्या पळाट्या उभ्या आहेत आणि पैठण रस्त्यावरून एसटी खडखडत जाते आहे.

उठायचा प्रयत्न करू नका. कडुनिंबावर पाला तोडताना फांदी मोडली, ती दोन-अडीच महिन्यांपूर्वी. छातीमागचा मणका मोडला, घाटीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलात तेव्हा दात वाजत होते, दोन घोंगड्या घालूनही. ते भुलीचं हिव होतं, तासाभरात गेलं. आत्ताचं प्रकरण मात्र तासाभरात जाणारं नाही.

हात छातीवर ठेवा. ओला लागतो ना? गळा, खांदे, सगळं घामाने निथळतंय. तोच हात हळूहळू खाली न्या. छातीच्या मध्यावर एक अदृश्य बांध लागेल. बांधाच्या वर पाणी, खाली कोरडवाहू. पोटाची कातडी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम आणि कोरडी. हे हाताला कळतं. पोटाला काहीच कळत नाही.

डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून समजावलं होतं. मेंदूच्या तळाशी एक छोटा कारभारी बसलेला असतो. अंगाचा ताव ९८.६ च्या आसपास राखायचं काम त्याचं. घाम सोडा, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळा, हुडहुडी भरवा, असे हुकूम तो मज्जारज्जूच्या तारेवरून खाली धाडतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर तार तुटली, की निम्म्याहून जास्त अंगाला हुकूमच पोचत नाही. मग वरचा भाग खालच्याचाही घाम गाळत बसतो, आणि तरी भागत नाही. ऑपरेशनने हाड सांधलं, तार सांधता आली नाही.

थोडक्यात, तुमचं अंग आता पत्र्याचं घर झालंय. ऊन चढलं की तापतं, रात्र पडली की गार. आणि तुम्हाला निजवलंय माळवदाखाली, जिथली दीड हात जाडीची भिंत दुपारी गार असते आणि रात्री दिवसभराची ऊब परत देते. घरच्यांनी हे ठरवून केलेलं नाही, घर होतंच तसं. पण मला विचाराल तर अख्ख्या उपचारात याहून मोलाचं औषध दुसरं नव्हतं.

वहिनी येतात. दर दोन तासांनी येतात, रात्रीसुद्धा. इंग्लंडात स्टोक मॅन्डेव्हिलच्या रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून मणक्याच्या रोग्यांना असंच वेळेवर कुशीवर वळवायला लावलं आणि माणसं जगू लागली. वहिनींना गुटमन ठाऊक नाहीत, त्यांना भिंतीवरचं घड्याळ ठाऊक आहे. तुम्हाला वळवून त्या थर्मामीटर झटकतात. मनगटाचे तीन झटके, पारा खाली. जिभेखाली काचेची थंड नळी. मग दारातल्या उजेडात तिरकी धरून, एक डोळा मिटून वाचन.

"शंभर."

आजी लगेच गोधडी घेऊन उठतात. "ताप आलाय बाळाला, पांघरूण घाला!"

"आत्याबाई, थांबा. आधी काढू."

घरातलं रोजचं भांडण ते हेच. वहिनींचा हिशेब सोपा आहे. पांघरूण काढायचं, ओला पंचा मानेवर आणि काखेत, वारा घालायचा, घोट घोट पाणी पाजायचं. अर्ध्या तासाने पुन्हा पारा. उतरला तर तो ताप नव्हता, खोलीची धग होती. नाही उतरला तर लघवी गढूळ आहे का, टाक्यांतून काही येतंय का हे बघायचं आणि सकाळची पहिली एसटी गाठायची.

आज उतरला. आणि आज थांबून चालणारही नाही, कारण रस्त्यावर टाळ ऐकू येताहेत. फाल्गुन वद्य. नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणला निघाल्यात. तुम्ही हट्ट धरता आणि चौघं जण तुमची बाज ओसरीवर आणतात.

काय गर्दी! धुळीचा लोट, त्यात पताका, तुळशी, बैलगाडीवर हंडे, कुणाचं तरी रडणारं पोर. मृदंगाचा ठोका तुम्हाला बरगड्यांत जाणवतो, फक्त बांधाच्या वर. उसाच्या रसाचा, घामाचा, बुक्क्याचा वास. तुम्ही टाळ्या वाजवता. सूर्य सरकतो. सावली बाजेवरून उतरते आणि ऊन पायांवर येतं, मांड्यांवर येतं. पाय काही बोलत नाहीत.

कान तापतात. डोकं ठणकायला लागतं. मळमळतंय. टाळ लांबून आल्यासारखे वाटतात, दिंडी तर पुढ्यातच आहे.

"अगं, पाय बघ पाय!" आजींनीच हात लावून पाहिलं. बाज पुन्हा आत, अंधारात. अंगावर ओलं धोतर, वारा घालायला सुपं. तासभर कुणी काही बोललं नाही.

रात्री उलटं. फाल्गुनातली पहाट अजून झोंबते. पाय लाकडासारखे गार पडलेले, खांद्यांना मात्र काकडा. आजी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून तुमच्या तळव्यांशी ठेवायला येतात. नातवंडांची पोटं त्यांनी अशीच शेकली. त्यांच्या मनगटावर वहिनींचा हात पडतो. मागच्या महिन्यात अशाच विटेने टाचेला फोड आला होता. तुम्हाला कळलाच नाही, आणि तो अजून भरतो आहे.

"मग काय करू गं?" आजींचा आवाज रडवेला.

वीट चुलीकडे परत जाते. आजी बाजेच्या पायथ्याशी बसतात, तुमची पावलं आपल्या लुगड्याच्या घोळात घेतात, वरून गोधडी ओढतात. तुम्हाला यातलं काही जाणवत नाही, नुसतं दिसतं. बाहेर मागे राहिलेली एक दिंडी चालली आहे आणि दाराशी कुणीतरी हाक मारतं, "माय, पाणी मिळंल का?"

"रांजणातलं घे बाबा," आजी बसल्या जागेवरूनच म्हणतात. "मला उठता येत नाही."