खुडूक कोंबडीचा हिशेब

एखादा माणूस कामधंदा सोडून कोपऱ्यात बसून राहिला, की त्याला आपण ‘खुडूक कोंबडीसारखा बसलाय’ म्हणतो. भाषेने केलेला हा एक अन्याय आहे. खुडूक कोंबडी रिकामी बसलेली नसते. तिने अंडी देणे थांबवलेले असते, अंग फुगवलेले असते, हात लावायला गेले तर ती चोच मारते, आणि एकवीस दिवस जेमतेम दाणापाण्यापुरती उठत ती पुढची पिढी उबवते. गावातल्या कोंबडीपालनाचा सगळा डोलारा या बसण्यावर उभा होता. शेतीखात्याच्या कागदांत मात्र विसाव्या शतकात हेच बसणे दोष म्हणून नोंदले गेले. अंगणातली कोंबडी कोणाची, हा प्रश्न त्या नोंदीशी बांधलेला आहे.

कोंबडी माणसाजवळ आली कशी, याबद्दलची समजूत अलीकडे बदलली आहे. सिंधू संस्कृतीला पहिला मान देणारी मांडणी बरीच वर्षे प्रचलित होती. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगभरच्या उत्खननांतली हाडे पुन्हा तपासली. पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा त्यात थायलंडमधल्या बान नॉन वाट इथला, इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातला, ठरला. कारण मोठे साधे दिले आहे. माणूस कोरडवाहू भात आणि भरड धान्ये पिकवू लागला, खळ्यावर दाणे सांडू लागले, आणि झाडावरचा तांबडा रानकोंबडा त्या दाण्यांसाठी खाली उतरला. आपल्या अंगणातली कोंबडी आजही उकिरडा उकरून तेच करते.

यात सह्याद्रीचाही एक वाटा आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज एकटा तांबडा रानकोंबडा, असे चार्ल्स डार्विनने 1868 च्या ग्रंथात मांडले होते. आपल्या घाटमाथ्यावर ओरडतो तो राखी रानकोंबडा त्याने वगळला होता. 2008 मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसले, की कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाबाहेर नाही. पुढे ज्या लेगहॉर्न कोंबडीला आपण ‘विलायती’ म्हणून डोक्यावर घेतले, तिचे पाय पिवळेधमक असतात. म्हणजे ती पाहुणी येताना माहेरची खूण घेऊनच आली होती.

लेखी परंपरेत कोंबडी फारशी भेटत नाही, आणि भेटते तेव्हा मनाईच्या यादीत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, गावडुक्कर यांच्या रांगेत ‘ग्रामकुक्कुट’ द्विजांना वर्ज्य ठरवला आहे. शब्द लक्षात घेण्याजोगा आहे: नाव घेऊन मनाई आहे ती गावातल्या कोंबड्याला, उकिरड्यावर चरणाऱ्याला. त्यामुळे कोंबडी कोणाच्या दारात दिसेल हे गावात जातीने ठरत गेले. ब्राह्मण, लिंगायत, माळकरी यांच्या अंगणात ती नसे. कुणबी, महार, मांग, कोळी, मुसलमान, आदिवासी यांच्याकडे असे. जमीन नसलेल्यालाही पाळता येणारे हे एक जनावर. त्याला गोठा लागत नाही, बांध लागत नाही, वैरण लागत नाही.

ज्यांच्याकडे कोंबडी होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या दारात कोंबडी नव्हती. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. शिपाई कुणब्याच्या घरून काय काय उचलून नेतील, याची त्यातल्या गाजलेल्या उताऱ्यात यादीच आहे: धान्य, भाकरी, गवत, सरपण, भाजी. त्या ओळीत कोंबडी नाही. छावणी पडलेल्या मुलखात कोंबड्या सुखरूप राहिल्या असतील असे मानायला मी तयार नाही. पण तो माझा तर्क. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरांतही बैल, म्हैस, घोडा, शेळी-मेंढी असे करत शेवटी एखाद-दोन ओळी कोंबड्यांच्या वाट्याला येतात.

म्हणून हा इतिहास कागदाबाहेर शोधावा लागतो. माझी आजी माणच्या दुष्काळी पट्ट्यातली. दोन एकर जिरायत, बाजरी-मटकीचे रान, आणि पाच-सहा कोंबड्या. रान आजोबांच्या नावावर, बैल आजोबांचे, बाजरी विकून आलेला पैसा आजोबांच्या कनवटीला. कोंबड्या मात्र आजीच्या. त्यांच्याबद्दल आजोबांना विचारले तर ते ‘तिला विचारा’ म्हणत. पाहुणा आला, कोंबडं कापायचे ठरले, तरी कोणते हे आजी ठरवी.

तिचे कामकाज साधे दिसे, पण त्यात बरेच ज्ञान होते. तलंग अंड्यावर आली की ती तिच्या आईचा स्वभाव आठवी: आई नीट बसणारी होती की मध्येच उठून जाणारी. कोंबडी खुडूक झाली की निर्णय दोन. आत्ता पिल्ले नकोत, म्हणजे पावसाची झड आहे किंवा घारी फार झाल्या आहेत, तर तिला पाण्यात बुचकळायचे, दोन दिवस डालग्याखाली झाकायचे, की खुडूक मोडते. पिल्ले हवीत तर पाटीत भुसा पसरून त्यावर विषम संख्येने अंडी मांडायची, अकरा किंवा तेरा. प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ, म्हणजे मागून दुसरीने घातलेले ताजे अंडे ओळखू यावे. पाटीत एक लोखंडी खिळा, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्याचा उपयोग होत नसावा. रेघेचा नक्की होई. आठवड्याने अंडे उन्हात धरून बघायचे. आत लाल जाळे दिसले तर ठेवायचे.

आता हिशेब मांडू. देशी कोंबडी एका वेताला बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते. वर्षाला तीन वेत धरले तर पंचेचाळीसच्या आसपास अंडी. त्यातल्या दोन वेतांची तेरा-तेरा अंडी उबवायला ठेवली, तर एकोणीस उरतात, ती घराला आणि बाजाराला. सव्वीसातून वीस पिल्ले निघतात. घार, मुंगूस, मांजर आणि मानमोडी यांनी निम्मी नेली तरी वर्षाअखेर दहा कोंबड्या-कोंबडे हाती राहतात. विकत घेतलेला दाणा जवळजवळ शून्य. आठवडे बाजारात पाय बांधून नेलेल्या एका कोंबड्यात मीठ-तेल यायचे, दोघांत पोराची फी, तिघांत डॉक्टर. ज्या घरी कोंबडी नाही तिथल्या सुनेला शेजारीण एक तलंग निम्म्या वाट्याने देई. पिल्ले वाढली की अर्धी तिची, अर्धी हिची. या व्यवहारात सावकार नव्हता, कारण कारखाना खुडूक कोंबडीच्या पोटाखाली होता.

सुधारणा करणाऱ्यांचा तक्ता वेगळा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर प्रदेशात एटा इथल्या मिशनऱ्यांनी गरीब जातींसाठी लेगहॉर्नसारख्या परदेशी कोंबड्या आणल्या. हेतू चांगला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने गावोगाव जातिवंत कोंबडे वाटले आणि बदल्यात देशी कोंबडे काढून घेतले, म्हणजे पुढची वीण सुधारेल. मुंबईत आरे इथे केंद्रीय पैदास केंद्र निघाले. तक्त्यात एका बाजूला पन्नास-साठ अंडी, दुसऱ्या बाजूला तीनशे. तीनशेवाली कोंबडी खुडूक होत नाही, निवडीने तिची ती प्रवृत्तीच काढून टाकलेली असते. उबवायला यंत्र आहे. पण तिला दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य लागते, वर्षाला चाळीस किलो, ही ओळ गावातल्या बाईला कोणी आधी वाचून दाखवली नाही. पिल्लूही दर वेळी विकतच.

या सुधारणेतली एक गोष्ट मात्र निर्विवाद मोलाची होती, ती लस. मानमोडीला शास्त्रात राणीखेत म्हणतात, कारण 1920 च्या दशकात ती भारतात प्रथम कुमाऊंतल्या त्या गावी ओळखली गेली. चाळीसच्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेने तिच्यावर लस तयार केली. एका रात्रीत खुराडे रिकामे करणारा हा रोग. (मराठीत 1918 च्या इन्फ्लुएंझालाही मानमोडीच म्हणत. माणसे आणि कोंबड्या एकाच शब्दाने मेल्या.) लस शंभर किंवा अधिक मात्रांच्या बाटलीत, थंड ठेवून यायची. पाच कोंबड्यांच्या घरासाठी बाटली फोडणार कोण? शेडला ती सोयीची होती, अंगणाला नव्हती.

पुढचे सर्वांना माहीत आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, 1982 मध्ये अंड्यांचे भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. 1950-51 मध्ये देशात 183 कोटी अंडी होत. 2022-23 मध्ये 13,838 कोटी. अंडे स्वस्त झाले, खेड्यातल्या पोरांच्याही पोटात गेले; हे कमी लेखण्यात अर्थ नाही. त्या अंड्यातून पिल्लू मात्र निघत नाही, कारण शेडमध्ये कोंबडा नसतो. आगाखान पॅलेसच्या कैदेत 1942 मध्ये लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त गांधीजींनी अशा निर्बीज अंड्याला दूध पिणाऱ्याने हरकत घेऊ नये असे म्हटले आहे. त्यांच्या दृष्टीने बीज नसणे हा गुण होता. आजीच्या दृष्टीने बीज नसलेले अंडे म्हणजे व्याज नसलेले मुद्दल.

दोन्ही व्यवस्था समोरासमोर आल्या त्या 2006 च्या फेब्रुवारीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला मोठमोठ्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मरू लागल्या आणि भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. साथ रोखायची तर ठरलेल्या परिघातला प्रत्येक पक्षी मारावा लागतो. नियम शेड आणि अंगण असा भेद करत नाही, विषाणूही करत नाही. आसपासच्या आदिवासी पाड्यांमधून कोंबड्या पकडून नेल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत घरगुती कोंबड्यांतच साथ दिसली आणि तिथेही तेच झाले. भरपाई नगावर मिळाली. पोल्ट्रीवाल्याला हॅचरीतून पुन्हा पिल्ले आणता येतात, आणि नवापूरच्या शेडा पुन्हा भरल्या. 2021 मध्ये तिथे पुन्हा बर्ड फ्लू आला तो त्यामुळेच दिसला. पाड्यावर मात्र परिघातल्या सगळ्याच कोंबड्या गेल्यावर तलंग निम्म्या वाट्याने द्यायला शेजारणीकडेही काही उरत नाही. नीट बसणारी आई कोणती, ही माहितीही कोंबडीबरोबर जाते. तिची नगावर भरपाई कशी ठरवणार?

आता सरकारी योजनांतून परसातल्या कुक्कुटपालनासाठी पुन्हा पिल्ले वाटली जातात: बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज. रंगीत, दणकट, अंगणात चरणाऱ्या. मधल्या काळात कडकनाथची लाट येऊन गेली; 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या अनेकांचे पैसे त्या नावाखाली बुडाले. त्याच साली झालेल्या पशुगणनेत देशातल्या 85 कोटी कोंबड्या-पक्ष्यांपैकी जवळजवळ 32 कोटी परसातले निघाले, मागच्या गणनेपेक्षा सुमारे 46 टक्क्यांनी जास्त. ज्यांनी अंगणातली कोंबडी संपली असे गृहीत धरले होते, त्यात मीही होतो.

गिरिराज आणि वनराज वजनाला भारी, अंड्यांना बऱ्या. एक अडचण आहे. त्या खुडूक होत नाहीत. त्यामुळे ज्या बाईला पुढची पिल्ले घरचीच हवीत, ती गिरिराजची अंडी गोळा करते, पाटीत भुसा पसरते आणि शेजारणीकडून आठ-पंधरा दिवस खुडूक झालेली एखादी देशी कोंबडी मागून आणते. एकवीस दिवस पुरे झाल्यावर कोंबडी परत जाते, आणि तिच्याबरोबर दोन पिल्ले.